चालत नाही म्हणजे काय?

ऑडिटरला सोसायटीचं सभासद रजिस्टर हवं होतं, 1996 सालापासूनचं. त्याआधीची वही आहे. 1971 चं पानसुद्धा लख्ख वाचता येतं. पण 1996 मध्ये सोसायटीने कॉम्प्युटर घेतला, पेढे वाटले आणि वही लिहिणं बंद केलं. पुढचं सगळं एका सीडीवर, 'एसओसी डॉट ईएक्सई' नावाच्या फाइलीच्या ताब्यात. माझ्या लॅपटॉपला सीडी घालायला भोकच नाही. झेरॉक्सवाल्याने ती पेनड्राइव्हवर उतरवून दिली.

फाइलवर दोनदा टिचकी मारली. हा प्रोग्रॅम तुमच्या पीसीवर चालत नाही, सॉफ्टवेअरच्या पब्लिशरकडे चौकशी करा, असा इंग्रजी निरोप आला. पब्लिशर म्हणजे बी विंगमधल्या अप्पांच्या मेहुणीचा मुलगा. कॉलेजात असताना त्याने फॉक्सप्रो या तेव्हाच्या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये हे लिहिलं होतं. आता तो न्यू जर्सीत असतो. व्हॉट्सॲपवर विचारलं तर नुसते जोडलेले हात आले. नमस्कार की माफी, देव जाणे.

निदान सोपं होतं. प्रोग्रॅम डॉसच्या, म्हणजे विंडोजच्या आधीच्या जमान्यातला, 16 बिटांचा. 64 बिटवालं विंडोज त्याला दारातही उभं करत नाही. इलाज डॉसबॉक्स. जुन्या गेम्सच्या शौकिनांसाठी केलेलं हे फुकटचं सॉफ्टवेअर आपण जुना पीसी असल्याचं सोंग घेतं. काळ्या खिडकीत 'माउंट सी' लिहून फोल्डरचा पत्ता दिला की झालं. एवढं कळायला मी रात्री उशिरापर्यंत परदेशी पोरांचे व्हिडिओ बघत बसलो होतो, आणि त्यातला प्रत्येक जण आधी स्वतःच्या चॅनेलचं कौतुक सांगत होता. शेवटी निळा पडदा उघडला आणि त्याने पासवर्ड मागितला.

पासवर्ड अप्पांकडे. अप्पा तेव्हाचे खजिनदार. सकाळी ते काकूंना घेऊन आले आणि काकू थर्मास घेऊन आल्या, कारण आमच्याकडचा चहा त्यांना पांचट लागतो.

"चालत नाही म्हणजे काय? आमच्या वेळी तर चालायचं," अप्पा म्हणाले.

"पासवर्ड सांगा, मी टाइप करतो."

"सांगायचा कसा? गोपनीय असतो तो."

"अहो अप्पा, तीस वर्षं होत आली."

"म्हणून काय झालं? तुम्ही तिकडे तोंड करा बघू."

मी माझ्याच घरात, माझ्याच भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. मागे एका बोटाचा टक्‌ आवाज यायचा, मग बराच वेळ काहीच नाही.

"अहो सेक्रेटरी, यात जी कुठाय?"

मी वळायला लागलो.

"वळू नका! नुसतं सांगा."

"मधली ओळ. साधारण मध्यावर."

"आणि ए?"

"त्याच ओळीत, डावीकडे."

"एन?"

"खालच्या ओळीत. अप्पा, गणेश का?"

मागे भयाण शांतता. मग एकदम खालच्या आवाजात, "तुम्हाला कुणी सांगितलं?"

काकूंनी चहा ओतता ओतता माझ्याकडे चोराकडे बघावं तसं बघितलं. "आता बदलायला हवा," अप्पा म्हणाले.

पुढे प्रोग्रॅमने आजची तारीख विचारली. वर्षाला दोनच घरं. तो मागे 19 धरतो, त्यामुळे त्याच्या लेखी आपण स्वातंत्र्यपूर्व काळात होतो आणि सोसायटीत कुणाचीही थकबाकी नव्हती. ते एक कसंबसं निस्तरलं आणि रजिस्टर उघडलं. नावांच्या जागी चौकटी, दुहेरी रेघा आणि मधूनच एखादा ग्रीक पाय (π). त्या काळी पडद्यावर मराठी दिसायला कॉम्प्युटरच्या पोटात पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड बसवत. आमचं कार्ड जुन्या कॉम्प्युटरबरोबर भंगारात गेलं. आकडे मात्र शाबूत.

आणि इथे अप्पा खुलले.

"हा तळमजल्यावरचा वकील."

"कशावरून?"

"थकबाकी 3,840. एवढी दुसऱ्या कुणाची नव्हती. लेकीच्या लग्नात पंगतीवर पंगती उठवल्या, आणि मेंटेनन्स म्हटलं की हात आखडता."

"व्याज नव्हतं का लावायचं, 21 टक्क्यांनी?" काकू.

"लावलं होतं! म्हणून तर जिन्यात बोलत नव्हता."

अख्खं रजिस्टर त्यांनी असं वाचलं. मी वहीत उतरवत होतो. यातली कितीतरी माणसं आज हयात नाहीत, फ्लॅट विकले गेले, आणि सोसायटीत कोण कधी सभासद झालं याचा पुरावा म्हणजे एका म्हाताऱ्याने जपलेली खुन्नस. कागदावर एक प्रत काढून कपाटात ठेवायला काय झालं होतं? आणि आमची कमिटी तरी कुठे शहाणी? आम्ही घेतलेलं मोबाइल ॲप वर्षाची वर्गणी थकली की हिशेबालाच कुलूप घालतं. मी दोनदा विषय काढला, दोन्ही वेळा पार्किंगवर चर्चा झाली.

जाता जाता एक. फोल्डरमधल्या 'डीबीएफ' फाइली, म्हणजे प्रत्यक्ष नोंदी असतात त्या, लिबरऑफिस या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये पासवर्डशिवाय सरळ उघडतात. सगळे आकडे मी नंतर तिथूनच छापून घेतले. अप्पांना हे सांगितलेलं नाही, त्यांचं ब्लडप्रेशर आहे.

परवाच्या मीटिंगमध्ये जुनं दप्तर संगणकावर पुन्हा सुरू करून दिल्याबद्दल अप्पांच्या अभिनंदनाचा ठराव आला. सूचक काकू. अनुमोदक कुणी मिळेना, तेव्हा अध्यक्षांनी माझं नाव लिहून टाकलं, आणि ठराव इतिवृत्तात मलाच सुवाच्य अक्षरात लिहायला लावला.