‘घरबसल्या’ दिलेल्या सल्ल्याविषयी

नमस्कार,

सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. पहिल्या एकट्याच्या मुक्कामी भटकंतीसाठी मी माझ्या लेखात लोणावळ्याजवळच्या राजमाची किल्ल्याची वाट सुचवली आणि तंबू नेऊ नका असे म्हटले, त्यावर आपण लिहिता, ‘तंबू उचलायची ताकद नसलेल्यांना घरबसल्या डोंगरात धाडू नका.’ मतभेदाला माझी हरकत नाही. मात्र ज्याच्याशी ओळखदेख नाही त्याच्याशी पहिल्याच वाक्यात या सुरात बोलण्याची रीत आपल्याकडे असेल, तर असो.

‘घरबसल्या’ म्हणालात म्हणून सांगणे भाग आहे. मी सह्याद्रीत हिंडू लागलो तेव्हा वाटा गुराख्यांना विचारून सापडत असत, आणि कोंढाणे लेण्यांकडून राजमाचीची उभी चढण मी भर मे महिन्यात, तंबूच काय, रॉकेलचा स्टोव्हही पाठीवर घेऊन चढलो आहे. नवख्याला मी ती वाट सांगितली नाही ती याच अनुभवामुळे. सांगितली ती लोणावळ्याहून तुंगार्लीमार्गे जाणारी, साधारण १५ किलोमीटरची, बरीचशी गाडीवाटेची आणि थेट गडाच्या पायथ्याच्या उधेवाडी गावात पोहोचवणारी वाट. उधेवाडीत आधी फोन करून ठेवला तर पिठलं-भाकरी आणि अंथरूण दोन्ही मिळते. तंबू, चटई आणि झोपायची पिशवी मिळून चार-पाच किलो सहज होतात. कमरेचा पट्टा नीट आवळायची सवय नसलेल्या माणसाला ते ओझे उतारावरच्या सुट्या मुरमात मागून ढकलते, आणि घसरला तर हात द्यायला सोबत कोणी नसते. शिवाय तंबू आहे म्हटले की अंधार पडला तरी माणूस निर्धास्त राहतो. याउलट, ज्याच्या ओसरीवर झोपायचे आहे त्या यजमानाला आपण पाचपर्यंत येणार हे ठाऊक असेल, तर सात वाजता तो बॅटरी घेऊन वाटेला लागतो. एकट्याची खरी सोय ती आहे, आणि तंबू पाठीवर मिरवण्याच्या हौसेत नेमकी तीच सुटते.

पाण्याबाबतचा आपला मुद्दा मान्य. दोन लिटर थंडीत पुरतात, एप्रिलमध्ये तीन हवेत. तशी ओळ लेखात घालतो. अर्थात ‘डिसेंबर-जानेवारीतच जा’ हे वाक्य लेखाच्या आरंभीच होते, ते घाईत आपल्या नजरेतून निसटले असावे.

बूट, मोबाइलची रेंज आणि ‘हल्लीची पोरे’ यांवरचे आपले परिच्छेदही वाचले. त्यांवर उत्तर देण्याजोगे मला काही आढळले नाही.