प्राथमिकच्या विज्ञानासाठी विद्यापीठात एक पूर्णवेळ प्राध्यापक हवा

विद्यापीठांतल्या रिक्त जागांवर आपण सगळेच बोलतो, आणि बोलायलाच हवं. पण जी जागा मुळात मंजूरच झालेली नाही, तिच्याबद्दल कोण बोलणार? शहरातल्या प्राथमिक शाळांमधलं विज्ञान शिक्षण हेच ज्याचं पूर्णवेळ काम, असा एक प्राध्यापक मुंबई विद्यापीठाच्या शिक्षणशास्त्र विभागात असावा, असं मला फार वर्षं वाटत आलंय. अशी जाहिरात निदान माझ्या तरी पाहण्यात आलेली नाही.

“चौथीच्या विज्ञानाला पीएचडीवाला कशाला?” हा प्रश्न मला चांगल्या शिकलेल्या माणसांनी विचारलाय. त्यांनी एकदा महापालिकेच्या शाळेत चौथीला परिसर अभ्यासाचा तास घेऊन पाहावा. झाडाला अन्न कुठून मिळतं, असं विचारा. बहुतेक मुलं सांगतील, मातीतून. जगभरच्या मुलांची ही समजूत आहे, त्यावर भरपूर संशोधन झालंय. बरोबर उत्तर फळ्यावर लिहून दिलं की मुलं परीक्षेत तेच लिहितात, आणि मनातली माती मनातच राहते. ती हलवायची कशी, हे नववी-दहावीचं विज्ञान चांगलं येणाऱ्यालाही आपोआप येत नाही. त्यासाठी लहान मुलांसोबत वर्षानुवर्षं काम करावं लागतं, त्यांचं बोलणं टिपून ठेवावं लागतं, फसलेले तास पुन्हा घ्यावे लागतात. हे संशोधनच आहे, आणि ते अवघड आहे.

आणि शिकवणाऱ्या बाईंची परिस्थिती? बारावीनंतर डी.एड. केलेलं. कला शाखेतून आलेल्या कितीतरी जणींचा विज्ञानाशी संबंध दहावीलाच सुटलेला. त्यांनीच भाषा शिकवायची, गणितही आणि विज्ञानही. त्यांच्या वाट्याला येतं ते सभागृहातलं प्रशिक्षण, तेही अनेकदा ज्यांनी प्राथमिकचा वर्ग कधी सांभाळलाच नाही अशांकडून. यात बाईंचा दोष नाही. त्यांच्या शेजारी उभं राहून शिकवून दाखवेल असं माणूस आपण त्यांना कधी दिलंच नाही.

मी मुद्दाम शहरातल्या शाळा म्हणतोय. मुंबई महापालिका आठ माध्यमांत शाळा चालवते. एकाच इमारतीत दोन-तीन माध्यमं, सकाळचं सत्र, दुपारचं सत्र. सकाळच्या मुलांनी खिडकीत मटकी भिजत ठेवली तर दुपारी त्या वर्गात दुसरीच मुलं बसणार. आठवडाभर चालणारा प्रयोग अशा खोलीत कसा टिकवायचा? बी.एड.च्या टाचणात याचं उत्तर नसतं.

पण याच शहरात विज्ञान किती आहे! मिठी नदी विहार आणि पवई तलावांच्या ओसंडणाऱ्या पाण्यातून निघते आणि माहीमच्या खाडीला मिळते. कुर्ल्याच्या मुलाला पुस्तक न वाचता माहीत असतं की पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली की घरात पाणी शिरतं. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, त्याच्या आठवणी त्या मुलाच्या घरात आजही निघतात. भरतीच्या वेळी नाल्यातलं पाणी समुद्रात का जात नाही, हे एक बादली, एक टब आणि पाईपचा तुकडा घेऊन चौथीच्या मुलांना स्वतः शोधता येतं. नळाला पाणी ठरावीक वेळीच का येतं, भातसा-तानसापासून ते इथवर कसं पोहोचतं, देवनारच्या कचऱ्यातलं काय कुजतं आणि काय तसंच राहतं, ठाण्याच्या खाडीत रोहित पक्षी काय खायला येतात... या एकेका प्रश्नावर महिनाभराचं काम उभं राहील. ते उभं करून, वर्गात तपासून, आठही माध्यमांच्या बाईंच्या हाती देण्याजोगं करायला कोणीतरी पगारी, कायम नोकरीतला माणूस लागतो. तासिका तत्त्वावर नेमलेल्या, पुढच्या वर्षीची खात्री नसलेल्या मुलीकडून ही अपेक्षा करणं अन्याय आहे.

हे अशक्य नाही. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र 1974 साली सुरू झालं ते नाना चौकातल्या महापालिकेच्या शाळेत. प्राथमिकसाठी त्यांनी केलेली ‘हलकं फुलकं विज्ञान’ ही पुस्तकं आजही उघडून पाहावीत अशी आहेत. मध्य प्रदेशात होशंगाबादचा विज्ञान कार्यक्रम 1972 मध्ये 16 ग्रामीण शाळांत सुरू झाला, तेव्हा दिल्ली विद्यापीठातले प्राध्यापक तिथे जाऊन काम करत होते आणि त्यासाठी यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, फेलोशिप दिल्या होत्या. म्हणजे सहावी ते आठवीच्या वर्गात राबणं हे विद्यापीठाचंच काम आहे, हे तेव्हा मान्य झालं होतं. मात्र भाभा केंद्र ही संशोधन संस्था आहे. बी.एड., एम.एड.ची पदवी विद्यापीठ देतं, अभ्यासक्रम विद्यापीठ ठरवतं. म्हणून जागा तिथेच हवी.

निवडीचे निकष मात्र नीट लिहावे लागतील. प्राथमिक शाळेत शिकवलेली वर्षं अनुभव म्हणून मोजायची. आठवड्यातले दोन दिवस महापालिकेच्या शाळेत प्रत्यक्ष शिकवणं हा कार्यभारच धरायचा, त्याला विस्तारकार्य म्हणून शेपटाला बांधायचं नाही. मराठीत किंवा उर्दूत लिहिलेली शिक्षक हस्तपुस्तिका पदोन्नतीच्या वेळी शोधनिबंधाइतकीच मोजायची. एवढं नसेल तर तो माणूस दोन वर्षांत इतरांसारखाच फाइली आणि परिषदांमध्ये अडकेल.

पैशांचं म्हणाल तर 1882 साली ब्रिटिश सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे महात्मा फुल्यांनी हेच सांगितलं होतं: सरकार उच्च शिक्षणावर खर्च करतं आणि प्राथमिककडे दुर्लक्ष करतं. मी एकच पद मागतोय.

सिनेटवरचे जे मित्र हे वाचत असतील त्यांना विनंती, पुढच्या अर्थसंकल्पी बैठकीत हा प्रस्ताव मांडा. मसुदा मी लिहून देतो. आणि प्राथमिकला शिकवणाऱ्या बाई आणि सरांनो, या माणसाने तुमच्या शाळेत येऊन सगळ्यात आधी कोणता धडा हाती घ्यावा, ते खाली लिहा. मसुद्यात तेच पहिलं घालतो.