आधी गादी बघा, मग अक्कल शिकवा

आज ऑफिसमधली एक मुलगी हातावर उठलेल्या गांधी दाखवत होती आणि तिथे बसलेल्या प्रत्येकाने निदान करून टाकलं. एक म्हणे ॲलर्जी, एक म्हणे उष्णता, आणि एक महाभाग म्हणाले, "नवऱ्याला काही होत नाही ना? मग तुझ्या मनाचे खेळ." डोकंच फिरलं माझं.

हेच्या हेच वाक्य माझ्या मावशीने ऐकलंय हो. ती रात्रभर खाजवतेय आणि काका शेजारी ढाराढूर, अंगावर एक चट्टा नाही, म्हणून सगळ्यांनी ठरवून टाकलं की ढेकूण असते तर दोघांना चावले असते. अहो, चावतच होते दोघांना! काहींच्या अंगावर काहीच उठत नाही, काहींना उठतं तेसुद्धा कधी कधी आठवड्या-दोन आठवड्यांनी. चावताना तर कळतही नाही, 5-10 मिनिटं रक्त पिऊन साहेब परत फटीत.

ओळीने चट्टे असतात बऱ्याचदा, मान्य. पण डास, पिसवा, खरूज सगळेच फसवतात, नुसती कातडी बघून डॉक्टरही छातीठोक सांगू शकत नाही. मग गादी बघा ना! टॉर्च घ्या, शिवण बोटाने उलगडा. मावशीच्या गादीच्या कडेला बॉलपेन टेकवल्यासारखे काळे ठिपके होते, ओलं फडकं फिरवलं की लालसर तपकिरी पसरणारे, ती त्यांची विष्ठा. शेजारी पिवळट कात. आणि पलंगाच्या स्क्रूच्या भोकात खुद्द मंडळी, चपटी, तपकिरी, जेमतेम 5 मिलिमीटर.

सापडल्यावर तेच लोक काय म्हणाले माहितीये? "घर स्वच्छ ठेवत नाही वाटतं." म्हणजे आधी वेडी, मग घाणेरडी!! ढेकणाला घाण नाही, रक्त लागतं. बॅगेतून येतो, जुन्या फर्निचरमधून येतो, चकाचक घरातही मजेत राहतो. पसाऱ्यात त्याला लपायला जागा जास्त मिळते, एवढंच खरं. पण मावशीने लाजेपायी कोणाला घरी बोलावणंच बंद केलं. काका मात्र नंतर रोज रात्री गुडघ्यावर बसून टॉर्च धरायचे, एक शब्द न बोलता.

असो. ढेकणांमुळे माणसात रोग पसरल्याचं सिद्ध झालेलं नाही, तेव्हा घाबरू नका. एखादा सापडला तर चिरडू नका, डबीत पकडून पेस्ट कंट्रोलवाल्याला दाखवा. आणि वैतागून दुसऱ्या खोलीत झोपायला जाऊ नका प्लीज, तुमच्या मागोमाग तेही येतात.