"हे सगळं वाचून झालं का तुमचं?"

घराला रंग काढला. मे महिन्यात. नागपुरात. हा शहाणपणा माझाच, त्यामुळे कोणाला बोलायची सोय नाही. हॉलमधली पुस्तकं खाली काढून दिवाणावर रचली. पेंटरभाऊ शिडीवरून थोडा वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "मॅडम, हे सगळं वाचून झालं का तुमचं?"

"हो, जवळजवळ," मी म्हणाले.

धडधडीत खोटं. पुस्तकं झटकताना एकेकातून खुणेचे कागद पडायला लागले आणि माझं पितळ माझ्यासमोरच उघडं पडलं. लग्नपत्रिकेचा तुकडा, स्टार बसचं तिकीट, मुलाच्या तापाच्या औषधाची चिठ्ठी, विजेचं बिल. जिथे कागद, तिथे मी थांबलेली. काही पुस्तकांत तर दोन-दोन कागद, म्हणजे दोनदा हात टेकलेले.

भालचंद्र नेमाड्यांची कादंबरी 'हिंदू' घ्या. 2010 साली आली तेव्हा आमच्या बँकेतल्या तिघांनी वर्गणी काढून घेतली होती. पहिला नंबर माझा, आणि ती अजून माझ्याकडेच आहे. मोहेंजोदडोच्या उत्खननातून खंडेराव वडिलांच्या आजारपणामुळे गावाकडे निघतो, इथपर्यंत मी मोठ्या उत्साहात. पुढे गाव येतं, गोतावळा येतो, आणखी गोतावळा येतो, आणि मला लग्नात जेवायच्या पंगतीत चुकून अनोळखी लोकांमध्ये बसल्यासारखं व्हायला लागतं. नेमाड्यांचा दोष नाही म्हणत. त्यांनी आधीच मुखपृष्ठावर 'समृद्ध अडगळ' असं लिहून ठेवलं आहे. पण मला अडगळीत फार वेळ श्वास घेता येत नाही, काय करू?

तेच नेमाडे 'कोसला'त मात्र मला दोनदा पुरून उरले. पहिल्यांदा विसाव्या वर्षी. तेव्हा आमच्या सगळ्या ग्रुपला 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे'ची लागण झाली होती, घरी लिहिलेल्या पत्रांतसुद्धा. पांडुरंग सांगवीकर पुण्याच्या हॉस्टेलात मेसचा सेक्रेटरी होतो, पैसे उधळतो, बापाला शिव्या घालतो, आणि आम्ही खूष. मागच्या वर्षी परत वाचली. आता माझाच मुलगा पुण्यात हॉस्टेलला आहे. मेसचा हिशोब वाचताना हसू आलंच नाही, सारखा डोक्यात येत होता तो तिकडे सांगवीत बसून पैसे पाठवणारा बाप. एका प्रकरणानंतर पुस्तक बाजूला ठेवून मुलाला फोन लावला, "मेसचे भरले का रे?" तो म्हणाला, "आई, तू काय वाचून राहिली सध्या?" ओळखतो मला. पण पांडुरंगच्या धाकट्या बहिणीचं, मनीचं मरण मात्र विसाव्या वर्षी जिथे लागलं होतं, बरोबर तिथेच लागलं. तेवढ्या पानांना वय नाही.

नागपूरच्या उन्हाळ्यात पुस्तकांचेही हाल होतात, हे पुण्या-मुंबईच्या लोकांना सांगून पटत नाही. पाठीवरचा गोंद वाळून कडक होतो. पुस्तक पुरतं उघडलं की 'कट्' असा आवाज आणि मधली पंधरा-वीस पानं हातात. बरं, कूलरसमोर नेऊन ठेवलं तर उलटी तऱ्हा, दमट हवेनं कव्हर पापडासारखं वर वळतं. त्यामुळे माझ्याकडे कुठलं पुस्तक किती वाचलं गेलं ते सांगावं लागत नाही. जे कोरं करकरीत ते सोडलेलं. जे खाकी कागद, डिंक आणि दोऱ्याच्या भरवशावर उभं आहे ते लाडकं.

सगळ्यात खिळखिळं आहे 'स्मृतिचित्रे'. लक्ष्मीबाई टिळकांचं हे पुस्तक 1934 ते 1937 या काळात चार भागांत आलं. मी दर तीन-चार वर्षांनी वाचते, आणि दर वेळी नागपूरच्या प्रकरणांपाशी जरा रेंगाळते. हो, टिळक, म्हणजे लक्ष्मीबाईंचे पती, कवी रेव्हरंड ना. वा. टिळक, नागपुरात होते. आप्पासाहेब बुटींच्या आश्रयानं त्यांचं लेखन-संपादनाचं काम इथे चालायचं. आणि पुढे ज्यानं या बाईचा संसार उलटापालटा झाला, त्या ख्रिस्ती धर्माची पहिली ओढ टिळकांना लागली ती नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेत भेटलेल्या एका गोऱ्या सहप्रवाशामुळे. 1895 साली त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. आज त्या मार्गावरून आपण डोंगरगडला बमलाई देवीच्या दर्शनाला जातो, पुड्यातला चिवडा खात. मला प्रत्येक वेळी तो रेल्वेचा डबा आठवतो.

लक्ष्मीबाईंना लिहा-वाचायला आलं ते लग्नानंतर. म्हणून असेल, पण त्यांच्या लिहिण्यात मी-लेखिका-आहे असा ताठा कुठेच नाही. सुपात तांदूळ निवडता निवडता शेजारणीला सांगावं तसं सांगत जातात. नवरा तापट, लहरी, न सांगता घरातून निघून जाणारा, खिशातला पैसा रस्त्यात वाटून टाकणारा. यातलं एकही दुःख त्या उगाळत नाहीत. हसवता हसवता एका वाक्यात घाव घालतात आणि पुढच्या वाक्यात भाजीला लागतात. आमच्याकडे आत्मचरित्र म्हटलं की लोक सत्कार समारंभातलं भाषण लिहितात, त्यांना हे पुस्तक सक्तीनं द्यायला पाहिजे.

आता एक कबुली, आणि यावर माझ्या दोन मैत्रिणी नक्की भांडणार आहेत. 'मृत्युंजय' मला आता वाचवत नाही. सोळाव्या वर्षी तीन दिवसांत संपवली होती. कर्णासाठी इतकी रडले की आजीनं विचारलं, "काहून रडून राह्यली वं? कोणी काही म्हटलं का?" तीच प्रत या वर्षी उघडली आणि साठाव्या पानाच्या आत दमले. कर्ण बोलतो, कुंती बोलते, दुर्योधन बोलतो, वृषाली, शोण, शेवटी श्रीकृष्ण, आणि सगळे एकाच सुरात, प्रत्येक वाक्याला उपमेची झालर लावून. सूर्य नुसता उगवतच नाही. सोळाव्या वर्षी मला ती झालरच हवी होती. पुस्तकानं त्याचं काम केलं, मी त्याला दोष देत नाही. पण परत नाही.

गंमत अशी की 'मृत्युंजय' आली त्याच 1967 साली इरावतीबाई कर्व्यांचं 'युगान्त' आलं. तोच कर्ण, तीच कुंती, आणि नजर मात्र मानववंशशास्त्र शिकलेल्या बाईची. कुठे गहिवर नाही. हे पुस्तक मला योगायोगानं उशिरा मिळालं. लायब्ररीत 'युगान्त' मागितलं, तर काउंटरवरच्या काकांनी नाटककार महेश एलकुंचवारांचं 'युगान्त' हातावर ठेवलं. "मॅडम, नागपुरात युगान्त म्हटलं की हेच." वाद कशाला घाला म्हणून घेतलं, आणि त्या निमित्तानं 'वाडा चिरेबंदी'पासून त्या मालिकेतली तिन्ही नाटकं वाचून काढली. अंगणात गंजत पडलेला तो ट्रॅक्टर! असा ट्रॅक्टर मी माझ्या मामाच्या गावात पाहिला आहे, त्याच्या सीटवर कोंबडी बसायची. शिकायची इच्छा असून घरात कुजलेली प्रभा तर आमच्या नात्यात दोन आहेत. इरावतीबाई मला त्यानंतर सहा महिन्यांनी भेटल्या. दोन्ही 'युगान्त' आता शेजारी-शेजारी ठेवते, काकांच्या स्मरणार्थ.

नागपूरचे कवी ग्रेस यांचा 'संध्याकाळच्या कविता' हा संग्रहही 1967चाच. काय वर्ष असेल! ग्रेसांबद्दल नागपुरात खरं बोलायची चोरी आहे. तरी बोलते. कविता अर्ध्याहून जास्त कळत नाही, तरी वाचते, कारण कानाला ती बरोबर वाटते. पण ललितलेखांमध्ये माझा तोल जातो. 'वाऱ्याने हलते रान'ला 2011चा साहित्य अकादमी मिळाला तेव्हा सगळ्या शहरासोबत मीही खूष झाले, पुस्तक घेतलं, आणि स्टार बसचं तिकीट त्याच्यातच सापडलं. पान चोवीस.

जंगलावर लिहिणारे मारुती चितमपल्ली माझ्या सोडलेल्यांत नाहीत आणि पूर्ण केलेल्यांतही नाहीत. सोलापूरचा माणूस वनखात्याच्या नोकरीनं आमच्या नवेगाव-नागझिऱ्यात आला आणि इथल्या पाखरांची इथल्याच लोकांच्या तोंडची नावं टिपून ठेवली. 'चकवाचांदण' मी कुठूनही उघडते, चार पानं वाचते, झोपते. 2025च्या जूनमध्ये ते गेले, त्या रात्री जरा जास्त वाचलं.

हे सगळं लिहिण्याचं खरं कारण वेगळंच आहे. दिवाणावरच्या ढिगात एक पुस्तक निघालं, ज्याच्यात दोन खुणा होत्या. उद्धव शेळक्यांची 'धग'.

पहिली खूण एकोणिसाव्या पानावर. मी तेव्हा बीएला होते. 'धग' 1960ची, संवाद वऱ्हाडीत. कौतिक, तिचा कामचुकार शिंपी नवरा महादेव, पोरं, दारिद्र्य. मी पंधरा मिनिटं वाचून बाजूला टाकली. कारण सांगते, लाज वाटली तरी. "मले", "तुले", "काहून" हे शब्द छापलेले पाहून मला ओशाळल्यासारखं झालं. आमच्या शाळेत "काहून" म्हटलं की बाई वर्गासमोर उभं करायच्या आणि "का, का, का" असं दहादा म्हणायला लावायच्या. पुस्तकातली माणसं पुण्याच्या मराठीत बोलतात, एवढं मी पक्कं शिकले होते. त्यातून आमची बोली बाहेर ऐकू यायची ती फक्त कोणाला हसवायचं असेल तेव्हा. नाटकात वऱ्हाडी बोलणारा आला की समजायचं, हा आता पडणार किंवा कोणी त्याला मारणार. अजूनही फार फरक नाही. रीलवर बघा, वऱ्हाडी म्हणजे कॉमेडी.

दुसरी खूण शेवटच्या पानाजवळ. ती आजी गेल्यानंतरची. आजी वरुडकडची. तिचं बोलणं कानातून जाऊ नये असं काहीतरी डोक्यात होतं, म्हणून 'धग' परत काढली आणि दुपारी कूलरसमोर आईला मोठ्यानं वाचून दाखवायला लागले. आई भाजी निवडत होती. पहिली दहा पानं ती नुसती हसत होती, "असंच बोले ती, असंच!" मग हसणं थांबलं. मग भाजी थांबली. कौतिक नवऱ्याला हात धरून उभा करायला बघते, तो बसतो, ती पुन्हा उभा करते. एवढीच तर गोष्ट आहे. त्यात एकही विनोदी वऱ्हाडी माणूस नाही. चार दिवसांत संपवली. शेवट सांगत नाही, ज्यांनी वाचली नसेल त्यांनी घरी एकटं असताना वाचू नका एवढंच.

अठरा वर्षं हे पुस्तक माझ्या कपाटात होतं. 'हिंदू' मी सोडली तर माझी आणि तिची पत्रिका जुळत नाही, विषय संपला. 'धग' सोडली तेव्हा पुस्तकाचा काही संबंधच नव्हता. ती त्या बाईंच्या "का, का, का"नं सोडायला लावली होती. या दोन सोडण्यांमधला फरक मला खुणेच्या कागदावरून अजूनही ओळखता येत नाही, याची थोडी भीती वाटते. चोविसाव्या पानावरच्या स्टार बसच्या तिकिटाचं नेमकं काय, कोण जाणे.

पेंटरभाऊ काटोलकडचे. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी 'धग' हातात घेतली, उभ्या-उभ्या दोन पानं वाचली, आणि विचारलं, "नेऊ का हे?" म्हटलं, न्या.

रंग होऊन पाच आठवडे झाले. काल फोन केला, बाल्कनीची एक भिंत सोलून निघाली आहे तेही सांगायचं होतं. म्हणाले, "भिंत पाहून देतो मॅडम, रविवारी येतो." आणि पुस्तक? "ते मी नाही वाचलं, बोर झालो. बायको वाचून राहिली. तिले सांगतो लवकर कर म्हणून."

म्हटलं, अजिबात सांगू नका.