‘रॉक एन रोल रेसिंग’वर दोन स्टार देणाऱ्या दादांना उत्तर

नमस्कार दादा, आमच्याकडच्या ‘रॉक एन रोल रेसिंग’ या गाड्यांच्या शर्यतीच्या व्हिडिओ गेमवरचा तुमचा रिव्ह्यू वाचला. गाणी जुन्या मोबाइलच्या रिंगटोनसारखी वाजतात आणि त्यात गायकच नाही, गोळ्या लगेच संपतात, आणि 1993 च्या गेमसाठी आम्ही तासाचे पैसे घेतो, असं तुमचं म्हणणं.

आधी गाण्यांचं बोलतो कारण तेच मला जास्त लागलं. हा गेम ज्या सुपर निंटेंडो कन्सोलवर चालतो त्याच्या साउंड चिपला चॅनेल आठ, म्हणजे एका वेळी आठच आवाज, आणि मेमरी फक्त 64 केबी, आणि त्यात ब्लॅक सबाथ या रॉक बँडचं ‘पॅरानॉइड’, डीप पर्पल बँडचं ‘हायवे स्टार’ बसवलंय, गिटार बास ड्रम सगळं आवाजाच्या चिमुकल्या तुकड्यांमधून (सॅम्पल), गायकाला जागा कुठून येणार? तरी गिटारची ती ठरलेली धून (रिफ) सुरू झाली की गाणं लगेच ओळखू येतं, आणि वर निवेदक लॅरी हफमनची आरडाओरड करत चाललेली कॉमेंट्री त्याच चिपमधून. मला हे आजही भारी वाटतं, अगदी मनापासून सांगतो. सिलिकॉन अँड सिनॅप्स नावाच्या छोट्या कंपनीने हे केलं, तीच पुढे ब्लिझार्ड झाली. 2021 मध्ये त्यांनी चांगल्या रेकॉर्डिंगची नवी आवृत्ती काढली, ती घरी जरूर खेळा. आम्ही मात्र ओरिजिनल कन्सोल आणि डबा टीव्ही ठेवलाय तो हाच आवाज ऐकवायला.

आता गोळ्या. त्या प्रत्येक लॅपला परत भरतात दादा! बरेच जण पहिल्या वळणावरच सगळ्या झाडून मोकळे होतात आणि मग उरलेला लॅप नुसता मार खातात, म्हणून समोरचा सरळ रेषेत येईपर्यंत थांबायचं, आणि पुढे असाल तर मागे माइन (सुरुंग) टाकायचे. गाडी फुटली तरी शर्यत संपत नाही, ट्रॅकवर परत येते. पहिल्या तिघांत आलात की पैसे मिळतात त्यातून आधी इंजिन आणि टायर घ्या, नवी गाडी नंतर. आणि हा गेम एकट्याने खेळू नका, शेजारी मित्र बसवा, मजा त्यातच आहे.

पैशांचं म्हणाल तर एवढ्या जुन्या कन्सोलचे कंट्रोलर आणि पार्ट मिळवायला, दुरुस्त करायला खर्च येतो आणि तो आम्ही करत राहणार, रेट तोच राहील.

गेम सेव्ह होत नाही, त्याऐवजी गेमच पासवर्ड देतो. खेळून झालं की तो काउंटरवर वहीत लिहून ठेवा, पुढच्या वेळी तिथूनच पुढे सुरू करता येईल.