सिबिल बघितल्याने सिबिल पडत नाही

ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या सोसायट्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: "गृहकर्ज घेणाऱ्यांनो सावधान! मोबाइलवर स्वतःचा सिबिल स्कोअर बघू नका, दर वेळी १० पॉइंट कापले जातात. कर्जासाठी एकाच बँकेत अर्ज करा, तिने नाकारलं तर ते सगळ्या बँकांना दिसतं. वर्षात ५ एन्क्वायऱ्या झाल्या की रिझर्व्ह बँकेच्या नियमाने पुढची २ वर्षं कर्ज बंद. जुन्या एन्क्वायऱ्या काढून हव्या असतील तर खालच्या नंबरवर संपर्क साधा."

सिबिल स्कोअर म्हणजे तुम्ही कर्ज कसं फेडता यावरून काढलेला आकडा, आणि एन्क्वायरी म्हणजे तुमच्या कर्जफेडीचा रिपोर्ट कोणीतरी मागवल्याची नोंद. मेसेजमधलं शेवटचं वाक्य आधी वाचलं की वरची तीन कशासाठी लिहिलीत ते लगेच कळतं. तरी एकेक घेऊ, कारण त्यातलं एक अर्धं खरं आहे.

स्वतःचा स्कोअर बघितल्याने पॉइंट जातात, हे सरळ खोटं. आपला रिपोर्ट आपण काढला तर ती सॉफ्ट एन्क्वायरी. ती स्कोअरच्या हिशेबात धरत नाहीत आणि कर्ज देणाऱ्याला दिसतही नाही. महिन्याने बघा नाहीतर रोज सकाळी चहा घेताना बघा, ३०० ते ९०० मधला तुमचा आकडा त्यामुळे हलत नाही. तुम्ही कर्ज किंवा कार्ड मागितलं आणि त्यासाठी बँकेने किंवा फायनान्स कंपनीने तुमचा रिपोर्ट मागवला, तर ती हार्ड एन्क्वायरी. मोजतात ती ही. आणि तिचेही ठरलेले १० पॉइंट वगैरे काही नसतात. स्कोअर काढणारी कुठलीच कंपनी आपलं सूत्र जाहीर करत नाही, आणि परिणाम ज्याच्या त्याच्या इतिहासावर ठरतो. वर्षानुवर्षं हप्ते वेळेवर गेलेल्याला एक एन्क्वायरी जाणवतही नाही, कालच पहिलं कार्ड घेतलेल्याला थोडी जास्त जाणवते.

"पण मी बघितला आणि पुढच्या वेळी खरंच कमी दिसला," असं सांगणारे भेटतात, आणि ते खोटं बोलत नसतात. जानेवारी २०२५ पासून बँकांना ग्राहकांची माहिती स्कोअर काढणाऱ्या कंपन्यांना निदान पंधरवड्याला एकदा पाठवावी लागते. मधल्या काळात कार्डाचं बिल वाढलं असेल तर आकडा खाली येणारच. शिवाय आपल्याकडे अशा चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पिरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. प्रत्येकीचा हिशेब वेगळा. एका अ‍ॅपवर एकीचा आकडा, दुसऱ्यावर दुसरीचा. आपण सगळ्याला सिबिलच म्हणतो आणि मग फरक बघून घाबरतो.

या मेसेजचं खरं नुकसान म्हणजे लोक रिपोर्ट बघायचंच सोडून देतात. या चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश आहे. म्हणजे वर्षाला चार रिपोर्ट, एक पैसा न देता. आमच्या सोसायटीतल्या एका गृहस्थांनी आपला काढला, तोही कर्ज अडल्यावर. स्कोअर अपेक्षेपेक्षा बराच खाली, आणि त्यांचं बोट थेट एन्क्वायरीच्या पानावर. तिथे पाच ओळी होत्या. पाच बँका, दोन-तीन दिवसांच्या आतल्या तारखा, कारण गृहकर्ज, रक्कम सगळीकडे ६५ लाख. त्यांना आठवत होतं ते एकाच बँकेचं. झालं होतं असं, की सॅम्पल फ्लॅट बघून खाली आल्यावर साइट ऑफिसात बसलेल्या कर्जाच्या एजंटने पॅन, आधार, पगाराच्या स्लिपा घेतल्या, दोन-चार जागी सह्या घेतल्या आणि फाईल पाच ठिकाणी लॉगिन केली, म्हणजे पाच बँकांत अर्ज टाकले. त्याला कमिशन कर्ज सुटल्यावर, म्हणून कुठेतरी सुटेल असा त्याचा हिशेब. सहअर्जदार म्हणून बायकोचं नाव होतं, त्यामुळे तिच्याही रिपोर्टात त्याच पाच ओळी. बँकेने रिपोर्ट मागवला की आता ग्राहकाला एसएमएस किंवा ईमेल येतो. यांनाही आले होते, जाहिराती समजून त्यांनी ते पुसून टाकले.

पण मागचं पान उलटल्यावर खरी गोष्ट दिसली. १ लाखाच्या लिमिटच्या क्रेडिट कार्डावर ९१ हजार बाकी. कार्डाचा वापर लिमिटच्या ३० टक्क्यांच्या आत ठेवावा असा सर्वसाधारण आडाखा आहे, इथे तो ९१ होता. आणि स्कूटरच्या कर्जाच्या महिनावार चौकटींत दोन हप्ते महिनाभराहून जास्त थकल्याची नोंद. स्कोअरमध्ये सगळ्यात जास्त वजन असतं ते हप्ते वेळेवर जातात की नाही याला, मग कार्ड किती वापरता याला. एन्क्वायऱ्यांचा नंबर बराच खाली. पाच ओळींचा राग काढून काही हाती लागणार नव्हतं, कार्ड भरणं हाच उपाय होता.

आता एकाच बँकेत अर्ज करण्याचा सल्ला. एका बँकेने नाकारलं हे दुसरीला दिसतं का? रिपोर्टात नकाराची नोंदच नसते. असतं ते एवढंच: कोणी चौकशी केली, कधी, कशासाठी, किती रकमेसाठी. मात्र पाठोपाठ पाच चौकश्या आणि नंतर एकही कर्ज खातं उघडलेलं नाही, हे बघून समोरचा अधिकारी काय समजायचं ते समजतो. हा माणूस पैशासाठी दारोदार फिरतोय, असा त्याचा ग्रह होऊ शकतो. अर्धं खरं म्हटलं ते हे. अमेरिकेत फिको या तिथल्या स्कोअरच्या नव्या आवृत्त्या ४५ दिवसांतल्या गृहकर्जाच्या चौकश्या मिळून एकच धरतात, आणि यूट्यूबवरचे बरेच सल्ले तिथूनच उचललेले असतात. इथे त्या भरवशावर राहू नये.

पण म्हणून दुसऱ्या बँकेची पायरीच चढायची नाही, हा शहाणपणा महागात पडतो. ५० लाख, २० वर्षं. साडेआठ टक्क्याने हप्ता ४३,३९१ रुपये. पावणेनऊ टक्क्याने ४४,१८६. महिन्याला ७९५ चा फरक, दर तोच राहिला तर २० वर्षांत १ लाख ९० हजारांवर जातो. चार पॉइंट वाचवायला एवढे पैसे कोण सोडतं? दर विचारायला पॅन द्यावा लागत नाही. बँकांचे दर त्यांच्या साइटवर असतात, शाखेत जाऊन पगार आणि स्वतः काढलेला स्कोअर सांगितला की अंदाज मिळतो. मग दोन बँका निवडून तिथेच रीतसर अर्ज करावा. साइट ऑफिसात एजंटला पॅन देताना फाईल कुठे कुठे लॉगिन करणार ते त्याच्याकडून लिहून घ्यावं. सिडकोच्या सोडतीत घर लागलेल्यांनाही हेच लागू: हप्ते भरायच्या तारखा डोक्यावर असतात, त्या घाईत दिसेल त्याच्या हाती कागद दिले जातात.

आणि एन्क्वायऱ्या काही गृहकर्जानेच वाढत नाहीत. गोखले रोडवर हप्त्याने मोबाइल घेतला, की तीही कर्जाची चौकशी. खरेदीच्या अ‍ॅपवर "आता घ्या, नंतर भरा" चालू केलं, की बरेचदा तेही कुठल्यातरी फायनान्स कंपनीचं कर्ज खातं असतं. घरासाठी अर्ज करायचा असेल तर आधीचे सहा महिने हे टाळलेलं बरं.

वर्षात पाच चौकश्यांनंतर कर्ज बंद, असा रिझर्व्ह बँकेचा कुठलाही नियम नाही. कोणाला कर्ज द्यायचं हे ज्या त्या बँकेचं धोरण.

राहिला मेसेजच्या खालचा नंबर. खरोखर तुमच्या अर्जामुळे झालेली एन्क्वायरी कोणीही काढून देऊ शकत नाही. संमतीशिवाय झालेली, किंवा तुमची नसलेली नोंद काढता येते, आणि तो अर्ज ज्या कंपनीच्या रिपोर्टात ती नोंद आहे तिच्या साइटवर फुकट होतो. पैसे घेणारा तोच अर्ज तुमच्या नावाने भरतो आणि वर तुमचा पॅन आणि ओटीपी त्याच्याकडे जातो. तक्रार ३० दिवसांत निकाली निघाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे १०० रुपये भरपाई, हा नियम २०२४ पासून लागू आहे. तेवढ्यानेही काम झालं नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आहे, आणि या चार कंपन्या सप्टेंबर २०२२ पासून त्याच्या कक्षेत आहेत. तिथेही फी नाही. तक्रारीचा क्रमांक आणि तारीख मात्र जपून ठेवावी, कारण ३० दिवस तिथून मोजतात.