अग्नेसीची धाकटी बहीण

पुण्यात इंजिनिअरिंग केलेल्यांना एम-टूचं, म्हणजे गणिताच्या दुसऱ्या पेपरचं, कर्व्ह ट्रेसिंग (समीकरणावरून वक्ररेषा काढणं) आठवत असेल. त्यात 'विच ऑफ अग्नेसी' नावाचा एक कर्व्ह असायचा, मी तो इतक्या वेळा काढलाय की अजूनही डोळे मिटून काढेन. पण अग्नेसी ही बाई होती हे चार वर्षांत कोणी सांगितलं नाही. मिलानची मारिया गाएताना आन्येझी (खरा उच्चार असाय), १७४८ मध्ये तिने कॅल्क्युलसचं मोठं पुस्तक लिहिलं, आणि ते 'विच' तर इंग्रजी भाषांतरातल्या चुकीने चिकटलेलं नाव.

पण आज मला तिच्याबद्दल नाही, तिच्या धाकट्या बहिणीबद्दल लिहायचंय. मारिया तेरेसा, जन्म १७२०. वडील रेशमाच्या व्यापारातले पैसेवाले, घरी मोठमोठ्या लोकांच्या बैठका भरवायचे आणि त्यात दोन्ही मुलींना पुढे करायचे. १७३९ मध्ये द ब्रॉस नावाचा एक फ्रेंच माणूस तिथे जाऊन आला, त्याने पत्रात लिहून ठेवलंय की थोरली लॅटिनमधून विद्वानांशी वाद घालत होती, आणि मग धाकटी हार्पसिकॉर्डला बसली, आधी रामो या फ्रेंच संगीतकाराच्या रचना वाजवल्या आणि नंतर स्वतःच्या. स्वतःच्या!! एकोणिसाव्या वर्षाच्या आत!

हार्पसिकॉर्ड म्हणजे पियानोच्या आधीचं वाद्य. पियानोत हातोडी तारेवर पडते, यात पिसाच्या टोकाने तार छेडली जाते, त्यामुळे बोट जोरात मारा नाहीतर हळू, आवाज जवळपास तेवढाच. मग भाव आणायचा कुठून? तर स्वरांच्या नक्षीतून, किंचित थांबण्यातून, लयीतून. पेटी वाजवणाऱ्यांना हे पटकन कळेल, आणि आपल्याकडे निदान भाता तरी हातात असतो.

ती नुसती वाजवणारी नव्हती. कॉन्चेर्तो (एक वाद्य पुढे आणि साथीला वाद्यवृंद अशा रचना) लिहिले, ऑपेरा लिहिले. १७४७ मध्ये 'इल रिस्तोरो दार्काडिया' ही तिची रचना मिलानच्या राजेशाही थिएटरात झाली, म्हणजे घरच्या दिवाणखान्यात नाही, खऱ्याखुऱ्या रंगमंचावर, त्या काळातल्या बाईचं! ऑस्ट्रियाच्या आणि सॅक्सनीच्या दरबारांना तिने आपल्या रचना अर्पण केल्या. लग्न झालं ते १७५२ मध्ये, वडील गेल्यानंतर काही महिन्यांनी, एकतिसाव्या वर्षी. यावर मी काही बोलत नाही, तारखा पुरेशा आहेत.

आणि एक गोष्ट मला झोपू देत नाही. ऑस्ट्रियाचा राजपुत्र आर्चड्यूक फर्डिनांड आणि इटलीतली राजकन्या बेआत्रिचे द'एस्ते यांचं लग्न ठरलं तेव्हा, १७६६ मध्ये, मिलानमध्ये तेरेसाचं 'इन्सुब्रिया कॉन्सोलाता' झालं. प्रत्यक्ष लग्न १७७१ मध्ये लागलं, तेव्हा तिथे पंधरा वर्षांच्या मोझार्टची रचना झाली. मोझार्टवर राग नाहीये माझा, कसा असेल. पण त्याच्याबद्दल वाचताना हे लग्न हमखास येतं आणि ते ठरलं तेव्हा कोणाचं संगीत होतं ते कुठेच नसतं, हे मला चुकीचं वाटतं, साफ चुकीचं.

मिलानचं ते राजेशाही थिएटर १७७६ मध्ये जळालं, मग ला स्काला हे ऑपेराचं थिएटर बांधलं, आणि आज ला स्कालाच्या म्युझियममध्ये तेरेसाचं चित्र लावलंय. चित्र भिंतीवर नको, संगीत स्टेजवर पाहिजे. तिचं थोडंफार रेकॉर्डिंग युट्यूबवर आहे, पण ते मुद्दाम शोधल्याशिवाय समोर येत नाही.

हे सगळं मला इतकं का लागलं ते सांगते. आम्हीपण दोघी बहिणी. मला गणित यायचं म्हणून मी हुशार, आणि धाकटी पेटी वाजवायची तर तिची ती 'आवड'. दहावीला तिचा क्लास बंद केला, माझा गणिताचा चालू राहिला, आणि तेव्हा मला त्यात काहीच खटकलं नाही. तिला एकदा ऐकलेली चाल जशीच्या तशी पेटीवर उतरायची, मला अजून साधी सरगम धड येत नाही. यातली हुशार कोण?

परवा तेरेसाचं एक रेकॉर्डिंग तिला पाठवलं, काही न लिहिता. रात्री अकराला तिचा फोन आला, म्हणाली ताई, डाव्या हाताचं बघ काय चाललंय त्यात, परत ऐक. मग आम्ही दोघींनी फोन चालू ठेवूनच परत ऐकलं.